कडक झालेली लेदर सीट मऊ करायची आहे? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

"जुनी गाडी घेतली. सीट लेदरच्या आहेत, पण पार पापडासारख्या झाल्यात. काय लावू?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. बहुतेक वेळा विचारेपर्यंत काहीतरी लावूनही झालेलं असतं. खोबरेल, ऑलिव्ह ऑइल, बुटाचं क्रीम. एकाने तर शिलाई मशीनचं तेल चोळलं होतं. दोन दिवस सीट चमकते, हाताला मऊ लागते. आठवड्याने पुन्हा तशीच कडक, वरून चिकट आणि धूळ धरलेली.

मीही यातून गेलोय. सेकंड-हँड सेडान घेतली होती, मागच्या सीटची पाठ काचेखालच्या उन्हाने वाळून खडंग झालेली. वाटीभर खोबरेल जिरवलं आणि खूश झालो. डिसेंबरात पहाटे लग्नाला निघालो, तेव्हा शिवणींत पांढरे कण थिजून बसले होते आणि मावशीच्या रेशमी साडीच्या पाठीवर तळहाताएवढा डाग. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, हे थंडीत न्हाणीघरातल्या बाटलीत रोज दिसायचं. गाडीत मात्र आठवलं नाही.

हा गैरसमज बहुधा कोल्हापुरी चपलेवरून येतो. कोल्हापुरीला तेल पाजलं की ती मऊ पडते, मग सीटला का नाही? कारण कोल्हापुरीचं कातडं झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं आणि वरून उघडं असतं, म्हणून तेल पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा थर आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पारदर्शक थर. तुम्ही ओतलेलं तेल त्या थरावरच लोळत राहतं. आत जातं ते फक्त शिवणींतून, बारीक भेगांतून आणि थर झिजलेल्या जागांतून.

दुसरी गोष्ट क्रमाची. पुरणपोळीची कणीक आधी पाण्यात भिजते, मग तेल लावून तिंबली जाते. कोरड्या पिठात तेल ओतून तिंबत बसलात तर पोळी लाटता येणार नाही. कडक सीटचंही तसंच आहे: आधी मळ काढायचा, मग ओलावा द्यायचा, मग थोडं थोडं तेल, आणि मग तिंबायचं. लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि चौथी करतच नाहीत.

## टप्पा १: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्यांत आधी, ते लेदर आहे की रेग्झीन? गाडी घेताना 'लेदर सीट' असं सांगितलेलं असलं तरी अनेक गाड्यांत फक्त अंग टेकतं तेवढाच भाग कातड्याचा असतो. कडा, सीटची मागची बाजू आणि दारांची पॅड रेग्झीनची. म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासा.

सीटच्या खाली किंवा मागे, जिथे कव्हरची कड मोकळी दिसते तिथे उलटी बाजू बघा. कातड्याची उलटी बाजू लवेदार असते, सुएडच्या बुटासारखी. रेग्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. कड सापडत नसेल तर अंगठ्याने दाबा: कातड्यावर अंगठ्याभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात, रेग्झीन नुसतं खोल जातं. पूर्ण वाळलेल्या कातड्यावर ही खूण फसते, त्यामुळे उलटी बाजू बघणंच खात्रीचं.

थांबा: रेग्झीन कडक झालं असेल तर पुढचं काहीही करू नका. त्याला लवचिक ठेवणारी द्रव्यं उन्हाने निघून गेलेली असतात आणि कुठलंही क्रीम ती परत घालू शकत नाही. पोपडे सुटत असतील तर कुशनवाल्याकडे जाऊन तेवढा तुकडा बदलून घ्या. पाचशे रुपयांचं क्रीम त्यावर वाया घालवू नका.

लेदरच आहे हे कळलं की दुसरी परीक्षा पाण्याची. न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाका आणि एक मिनिट बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे. जिरला आणि जागा गडद झाली, तर एकतर तिथला थर झिजलाय किंवा ते बिनथराचं, उघडं कातडं आहे. संपूर्ण सीटभर थेंब लगेच जिरत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. उघड्या कातड्यावर पाण्याचे आणि तेलाचे डाग कायमचे बसतात.

तिसरी परीक्षा कडकपणाची, आणि ती घाईत करू नका. कातडं तीन प्रकारे कडक लागतं:

नुसता वरचा थर कडक, खाली मऊ. नखाने हलकं टकटक केलं तर प्लास्टिकसारखा आवाज येतो, पण चिमटीत धरलं तर घडी पडते. बऱ्याचदा हा मळाचा आणि जुन्या पॉलिशचा थर असतो. अशा बऱ्याच सीट तर नुसत्या धुण्यानेच सुधारतात.

पूर्ण जाडीभर कडक. चिमटीत येत नाही, पुठ्ठ्यासारखं अखंड हलतं. यासाठी सगळे टप्पे लागतील आणि दोन आठवडे जातील.

आकसलेलं. मागच्या काचेखालची पाठ, हेडरेस्टचा माथा इथे कातडं शिवणीपासून ओढलं गेलेलं दिसतं, टाके ताणलेले असतात. बंद गाडीत उन्हाळ्यात ६० अंशांच्या वर तापमान जातं, त्यात वर्षानुवर्षं भाजलेलं कातडं आकसतं आणि परत पसरत नाही. ते थोडंफार मऊ होईल, पण मापात येणार नाही. ओढाल तर टाक्याच्या भोकांवरच फाटेल.

## टप्पा २: सामान आणि वेळ

वेळ आधी सांगतो, कारण काम तिथेच बिघडतं. रविवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी फिरायला जायचं, हे जमणार नाही. पहिले दोन दिवस गाडीत बसायचं नाही, आणि पुढचे दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास. हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात क्लीनर पुसायच्या आत वाळतो. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणात, आत दिलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि चार दिवसांत बुरशी धरते.

सामान:

पाण्याचा, सौम्य लेदर क्लीनर, बाटलीवर पीएच न्यूट्रल (म्हणजे ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) लिहिलेला. अगदीच मिळत नसेल तर लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे सात-आठ थेंब, पण ही तात्पुरती सोय.

लेदर सॉफ्टनर किंवा लॅनोलिन असलेलं दुधाळ कंडिशनर. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट स्निग्ध पदार्थ. दुधाळ एवढ्यासाठी की त्यात तेल पाण्यात फोडून मिसळलेलं असतं, त्यामुळे ते ओलाव्याबरोबर आत सरकतं. पाच सीटच्या गाडीला एका हाताला साधारण ५० ते ६० मिली लागतं, म्हणून पाव लिटरची बाटली घ्या.

शेवटी लावायचं प्रोटेक्शन क्रीम. हे कंडिशनरहून वेगळं असतं.

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, दोन लिटर. मागताना 'पाणी' म्हणा, ॲसिड घेऊन येऊ नका. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार वाळून शिवणीत पांढऱ्या रेघा काढतात आणि त्या काढताना पुन्हा सगळं धुवावं लागतं.

घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, एक जुना मऊ टूथब्रश, पाच-सहा पांढरी फडकी. पांढरीच हवीत, कारण फडक्यावर काय उतरतंय यावर पुढचा प्रत्येक निर्णय आहे. फोमचे दोन-तीन तुकडे, जुनी सुती चादर आणि व्हॅक्यूम.

आता गाडीजवळही फिरकू द्यायच्या नाहीत अशा वस्तू. भांड्यांचं लिक्विड आणि कपड्यांची पावडर: कातडं थोडं आम्लधर्मी, पीएच ४-५च्या आसपास असतं, आणि अल्कधर्मी साबणाने ते अधिकच कोरडं पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर वरचा थरच विरघळवतात. सॅनिटायझरचंही तेच, फक्त सावकाश. पांढरा 'जादूचा' स्पंज खरं तर बारीक सँडपेपर असतो. जवसाचं तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं, तैलरंगात ते त्यासाठीच वापरतात, आणि लोक ते मऊ करायला म्हणून चोळतात! बुटाचं पॉलिश कपड्यांना लागतं. डॅशबोर्डचा सिलिकॉन स्प्रे सीट घसरडी करतो, आणि त्याच्यावर नंतर काहीच धरत नाही. शेंगदाणा, ऑलिव्ह, बदाम ही खायची तेलं उन्हात खवट होतात. तो वास एसी लावला की पहिल्यांदा जाणवतो.

## टप्पा ३: धूळ, मग मळ

गाडी सावलीत लावा, इग्निशन बंद, सीट पूर्ण मागे. शिवणी आणि सीट-पाठीच्या मधली फट बोटांनी उघडून व्हॅक्यूम करा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक उरकतात. पण फटीतली वाळू ओल्या ब्रशखाली आली की तुम्ही सीट घासत नाही, खरवडता.

आता क्लीनर. तो सीटवर मारायचा नाही. ब्रशवर घ्या, फेस करा आणि फक्त फेस सीटवर न्या. एका वेळी फूटभर चौकोन. हलक्या हाताने गोल गोल, मग फेस वाळायच्या आत पांढऱ्या फडक्याने उचलून घ्या. पुसायचं म्हणजे मळ पसरवायचा नाही, फडकं टेकवून वर उचलायचं. शिवणींसाठी टूथब्रश, शिवणीच्या दिशेने. आडवा फिरवलात तर टाक्याचा धागा पिंजतो.

पहिलं फडकं पाहून लाज वाटेल. ड्रायव्हरच्या सीटवरून येणारा तपकिरी रंग म्हणजे वर्षांचा घाम, त्यातलं मीठ आणि धूळ. हेडरेस्टचं प्रकरण त्याहून अवघड. आपल्याकडे डोक्याला तेल लावून गाडीत बसायची पद्धत असल्यामुळे तिथे काळपट, चकचकीत थर बसलेला असतो. एका फेरीत तो निघत नाही. जोर वाढवू नका, फेऱ्या वाढवा. माझ्या एका मित्राच्या गाडीत हेडरेस्टला सहा फेऱ्या लागल्या, आणि सहाव्या फेरीनंतर कळलं की सीट काळी नसून गडद राखाडी आहे.

तपासा: फडक्यावर तपकिरी-काळा मळ येतोय तोवर चालू ठेवा. सीटचाच रंग यायला लागला, म्हणजे लाल सीटवरून लाल, बेज सीटवरून बेज, तर तिथेच थांबा. वरचा थर गेलेला आहे आणि तुम्ही रंग काढताय. तो भाग टप्पा ८ साठी राखून ठेवा.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. क्लीनर आत राहिला तर वाळून पुन्हा कडक होतो.

थांबा: भोकांच्या सीटवर, म्हणजे आतून थंड हवा येते तशा, काहीही थेट फवारू नका. खाली पंखा असतो, गरम होणाऱ्या सीटखाली तारांची जाळी असते, आणि पुढच्या डाव्या सीटखाली बसलेल्या माणसाचं वजन ओळखणारा सेन्सरही असू शकतो. या सीटवर सगळं कोरडसर फडक्यानेच.

## टप्पा ४: ओलावा

धुतल्यावर सीट पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही, ओली ठेवायचीही नाही. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर गार लागली पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. खोगीर शिवणारे कारागीरही तेल लावण्याआधी कातडं असंच ओलसर करून घेतात.

पूर्ण जाडीभर कडक झालेल्या भागावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून कडकडीत पिळलेला पांढरा टॉवेल १५-२० मिनिटं पसरून ठेवा. पिळल्यावर थेंब गळत असेल तर पुन्हा पिळा. टॉवेल उचलल्यावर त्यावर सीटचा रंग दिसला तर हा प्रकार पुन्हा करू नका. भोकांच्या आणि सेन्सरच्या सीटला हे करायचंच नाही.

इथे वाफेचं मशीन आणायचा मोह होतो. नको. ओलं कातडं तापलं की आकसतं, आणि ते परत फिरवता येत नाही.

## टप्पा ५: पहिला हात, पातळ

आधी न दिसणाऱ्या जागी रुपयाएवढा ठिपका लावून २४ तास थांबा. (हो, म्हणजे हे आदल्या दिवशीच करायचं होतं. मी नेहमी विसरतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.) गडद झालं आणि तसंच राहिलं तर ते सॉफ्टनर परत करा.

फोमच्या तुकड्यावर मटाराएवढं घ्या, दोन तळव्यांमध्ये किंचित कोमट करा आणि चौकोन-चौकोनाने लावा. सीट ओलसर दिसली पाहिजे, पांढुरकी नाही. पांढुरकी दिसत असेल तर जास्त झालंय. शिवणीत आणि भेगांमध्ये थोडं जास्त चालेल, आत जायची वाट तीच आहे. भोकांच्या सीटला फोम जवळजवळ कोरडा करूनच टेकवा, नाहीतर प्रत्येक भोकात पांढरा ठिपका बसतो आणि ते टोकरत बसावं लागतं.

उष्णतेने काम सोपं होतं, पण मर्यादेत. गाडी काचा बंद करून सकाळी दहाच्या आत तास-दीड तास कोवळ्या उन्हात ठेवा, सीटवर चादर टाकून. हेअर ड्रायर वापरायचा तर सगळ्यांत कमी उष्णतेवर आणि फूटभर लांबून. माप सोपं आहे: हात सहज ठेवता आला पाहिजे. काळ्या सीटवर दुपारचं ऊन म्हणजे भट्टी, तिथे तेल आत जायच्या आधी ओलावा बाहेर जातो.

## टप्पा ६: तिंबणं

सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, आणि कुठल्याही बाटलीवर हे लिहिलेलं नसतं. वाळलेल्या कातड्यातले तंतू एकमेकांना चिकटून बसतात. तेल त्यांच्यामध्ये शिरलं तरी ते आपोआप सुटत नाहीत, हलवून सोडवावे लागतात. चामड्याच्या कारखान्यातही कातडं मऊ करायला ते फिरत्या पिंपात आपटतात किंवा यंत्राने ताणून मोडतात. आपल्याकडे पिंप नाही, अंगठे आहेत.

सॉफ्टनर लावून अर्धा तास झाला की सीटच्या मधोमध सुरुवात करा. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कातडं एकमेकांकडे ढकला, इंचभराची गोलसर घडी उभी राहील. ती घडी अंगठ्यांनी पुढे सरकवत न्या, पुऱ्यांच्या पिठाचा गोळा पुढे लोटावा तशी. मग आडव्या दिशेने. मग तळहाताच्या टाचेने दाबून गोल फिरवा. मधून कडेकडे जायचं, शिवणीच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं. शिवण ओढायची नाही. भेग पडलेल्या जागी घडी घालायची नाही, तिथे नुसतं दाबायचं. घडी टोकदार होऊ देऊ नका, वरचा रंगाचा थर तिथे मोडतो.

पहिल्या दिवशी घडी येणारच नाही, नुसती कुरकुर ऐकू येईल. ठीक आहे. एका सीटला दहा मिनिटं द्या आणि सोडा. अंगठे दुखायला लागले तर समजा बरोबर चाललंय.

माझ्या गाडीच्या त्या मागच्या सीटच्या पाठीला, खोबरेल धुऊन काढल्यावर, तिसऱ्या दिवसापर्यंत काही फरक नव्हता. चौथ्या संध्याकाळी डाव्या बाजूला, जिथे पूर्वी पुठ्ठ्यासारखा आवाज यायचा, तिथे अंगठा दाबल्यावर पाच-सहा केसाएवढ्या सुरकुत्या उमटल्या आणि बोट काढल्यावर मिटल्या. ती खूण मिळाली की पुढचं सोपं. उन्हाखालची वरची पट्टी मात्र शेवटपर्यंत अर्धवटच राहिली.

## टप्पा ७: थांबा, पुसा, पुन्हा

प्रत्येक हातानंतर १२ ते २४ तास. त्यानंतर कोरड्या पांढऱ्या फडक्याने वर उरलेलं सगळं पुसून घ्या. मग किंचित ओलसर फडकं, पुन्हा पातळ हात, पुन्हा तिंबणं. मध्यम कडक सीटला तीन हात पुरतात. पुठ्ठा झालेल्याला पाच-सहा.

कधी थांबायचं?

२४ तासांनीही सीट चिकट लागत असेल, तर कातड्याने घेणं बंद केलंय. आणखी लावलंत तर ते फोममध्ये उतरतं आणि उन्हाळाभर वास मारतं.

लागोपाठ दोन हातांत काहीच फरक नसेल, तर वरचा थर काही आत जाऊ देत नाहीये. तेल बदलून उपयोग नाही, वाट बदलायला हवी.

ती वाट म्हणजे उलटी बाजू. लवेदार बाजूवर कुठलाच थर नसतो, त्यामुळे वरून पाच हातांत जे होत नाही ते मागून एका रात्रीत होतं. पण त्यासाठी कव्हर उतरवावं लागतं, आणि ते घरी करू नका. पुढच्या सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असू शकते. त्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबूनच सीटखालचे पिवळे कनेक्टर सोडवायचे असतात. इग्निशन चालू असताना ते सुटले तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि गॅरेजमधल्या स्कॅनरशिवाय विझत नाही. अनुभवी कुशनवाल्याला गाठा. तो कव्हर धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या कड्या कापून काढेल आणि नंतर नव्या घालेल. त्याला स्पष्ट सांगा: "तेल मी लावणार, तुम्ही फक्त उतरवून द्या आणि परवा बसवा." नाहीतर तो मागून डिझेल किंवा इंजिन ऑइल फासण्याचा सल्ला देईल. माझ्यासमोर दिलाय.

मागच्या सीटला सहसा एवढा पसारा नसतो, पण तिथेही आधी कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे का ते बघून घ्या.

वरचा थर बारीक सँडपेपरने उघडून तेल मुरवायचं आणि मग पुन्हा रंग द्यायचा, हाही एक मार्ग आहे. तो रंगकाम येणाऱ्यासाठी आहे. सँडपेपर हातात घेतला की सीट रंगवणं अटळ होतं, हे समजूनच सुरुवात करा.

## टप्पा ८: भेगा आणि उडालेला रंग

सॉफ्टनरने भेगा बुजत नाहीत, कडा मऊ झाल्यामुळे फक्त कमी दिसतात. खऱ्या भेगांना लेदर फिलर (भेग भरून काढणारी लुगदी), त्यावर रंग, त्यावर पारदर्शक थर असा क्रम आहे.

इथली नेहमीची चूक: आज तेल, उद्या फिलर. तेलकट जागी फिलर धरत नाही, पंधरा दिवसांत पापुद्र्यासारखा निघतो. शेवटच्या हातानंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या, मग फक्त त्या जागेपुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं फडकं एक-दोनदा फिरवून तेल काढा, आणि मगच फिलर. उलट क्रमानेही जात नाही. कडक कातड्यावर आधी फिलर भरलात तर नंतर तिंबताना तो फुटतो.

## टप्पा ९: वरचं संरक्षण

शेवटचा हात पुसून ४८ तास झाले, सीट हाताला कोरडी लागली, की प्रोटेक्शन क्रीम. दोन पातळ हात, मध्ये तासाभराचं अंतर, आणि त्यानंतर एक रात्र कुणी बसायचं नाही. फिकट सीट असेल तर हे टाळू नका, नव्या निळ्या जीन्सचा रंग महिनाभरात बेज सीटवर उतरतो. रंगकाम बाकी असेल तर तेवढा भाग सोडून लावा.

तपासा: पांढरं कोरडं फडकं सीटवर जोरात घासा. फडकं स्वच्छ राहिलं तर पांढरा कुर्ता घालून बसायला हरकत नाही. मेणचट रेघ आली तर अजून एकदा पुसा आणि एक दिवस थांबा.

## नंतरची राखण

सीट एकदा मऊ झाली की सॉफ्टनर कपाटात ठेवून द्या. दर पंधरा दिवसांनी कोरडी धूळ, दर तीन महिन्यांनी ड्रायव्हरची सीट आणि हेडरेस्ट क्लीनरने. कंडिशनर वर्षातून दोनदा पुरतं: पाऊस संपून दिवाळीच्या सुमारास एकदा आणि ऊन तापायच्या आधी, फेब्रुवारीत एकदा. विदर्भातल्या उन्हात गाडी उघड्यावर राहत असेल तर मागच्या काचेला जाळी लावा आणि मागच्या पाठीवर चादर टाकून ठेवा. त्या चादरीइतका फायदा कुठल्याच बाटलीने होत नाही.

पावसाळ्यात सीटवर राखाडी-पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी सीटभर पसरते. गाडी बाहेर काढून चारही दारं उघडा, तोंडाला रुमाल बांधा आणि कोरड्या ब्रशने झटका. मग क्लीनरचा फेस, मग तासभर एसी लावून कोरडं करा. कंडिशनर त्या दिवशी लावू नका. आठ दिवस ठिपके परत आले नाहीत, तरच.